ज्याचं तेल त्याला

माझ्या लहानपणी आमच्या घरात तीन तेलं असायची. चुलीजवळच्या फळीवर खुरासणीचं, पडवीतल्या खुंटीला बाटलीत करंजाचं आणि बैलगाडीला टांगलेल्या बांबूच्या नळ्यात एरंडाचं. खुरासणीचं खायला, करंजाचं जनावराच्या जखमेला आणि एरंडाचं गाडीच्या आखाला. जुन्नरच्या पश्चिमेला, मीना नदीच्या खोऱ्यात आमचं गाव. तिथं भात आणि खुरासणी ही नेहमीची पिकं, करंज ओढ्याकाठी आणि एरंड कुठल्याही बांधावर आपोआप उगवलेला. तेल विकत आणायची वेळ फार येत नसे.

एकदा गाडीचा आख कुरकुरत होता आणि नळ्यातलं वंगण संपलेलं. मी शहाणपणा करून फळीवरची खुरासणीच्या तेलाची बरणी उचलली. आजीनं उंबऱ्यातच अडवलं.

"आरं, खायचं त्याल आखाला घालत्यात व्हय? दोन कोस नाय जायचं, सुकून जाईल. आन आखाचं त्याल पोटात गेलं तर चार दिस परसाकडं पळशील. ज्याचं त्याल त्याला."

हे वाक्य मी विसरलो. त्याची किंमत पुढं माझ्या धाकट्या भावाला मोजावी लागली. ती गोष्ट सांगण्याआधी आमच्या खोऱ्यात इंजिन कसं आलं ते सांगायला हवं, कारण चूक तिथूनच सुरू झाली.

१९८३ साली आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी लुना विकत घेतली. लुना बाजारात आली १९७२ साली, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. त्याच साली आकुर्डीच्या बजाजची चेतकही आली. पण चेतक नोकरदाराची आणि लुना आमच्यासारख्यांची. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मधे नाना आणि चढ आला की पायडल. धारेचं दूध घेऊन ते डेअरीवर जायचे तेव्हा आधी निळा धूर दिसायचा, मग आवाज यायचा आणि शेवटी नाना.

लुना, चेतक, राजदूत, येझदी, झाडून सगळ्या टू-स्ट्रोक. लुनाच्या टाकीत नुसतं पेट्रोल घालून चालायचं नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. पंपावर एका कोपऱ्यात ऑइलचा हातपंप असायचा. नाना मात्र ऑइल घरी आणून ठेवायचे आणि डब्याच्या झाकणानं मोजायचे. एक लिटरला इतकी झाकणं, चढाला जायचं असेल तर अर्धं झाकण वर. मग टाकीचं बूच लावून लुना उजवीकडे-डावीकडे अशी हलवायचे, जशी आई ताकाची बरणी हलवते. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा.

त्या काळात ऑइल सुटं मिळायचं. कुठल्या पिंपातून आलं, त्यात गाडीचं जळकं तेल मिसळलंय का, हे कोण विचारतो? रंग तांबडा दिसला की झालं. आणि इथंच आमच्या बोलण्यातून एक गोष्ट हरवली. घरात तीन तेलांना तीन नावं होती. इंजिनाच्या तेलाला मात्र एकच नाव उरलं, 'आईल'. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं तेही आईल, ट्रॅक्टरचं तेही आईल आणि लुनाचं तेही आईलच.

खरं तर टू-स्ट्रोकचं तेल या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचं. हे इंजिन आज दिसतं तसं साधं करण्याचं श्रेय इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांना जातं. १८९१ च्या सुमारास त्यांनी झडपांची भानगड बरीच कमी केलेलं इंजिन बनवलं. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेलाची कढई असते. तेच तेल आत फिरत राहतं, भाग ओले ठेवतं आणि काही महिन्यांनी काळं झालं की आपण ते बदलतो. टू-स्ट्रोकच्या पोटात अशी कढई नसते. पेट्रोल आणि हवा आधी त्या पोटातूनच जातात आणि मग वर जळायला. त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला बोट लावून जातं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. म्हणजे या तेलाला दोन कामं: जाताना वंगण व्हायचं आणि मरताना मागं राख ठेवायची नाही.

सुरुवातीच्या इंजिनांना हे काम कोण करत होतं माहीत आहे? आमच्या आखाचं एरंडेल. १९०९ साली विलायतेत वेकफिल्ड यांच्या कंपनीनं कॅस्ट्रॉल नावाचं तेल काढलं, ते नावच मुळी एरंडाच्या इंग्रजी नावावरून घेतलेलं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांना एरंडेलच घालत. त्याचा धूर नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटं बिघडायची असं सांगतात. आजीला हे ऐकवायला ती आता नाही. असती तर म्हणाली असती, मी काय येगळं सांगत होते?

पुढं कुकडी प्रकल्पाची धरणं भरली. वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगा आणि आंबेगावात डिंभे. कालव्याचं पाणी पूर्वेला फिरलं तशी तिकडं ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा अशी पिकं वाढली. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा दूरदूर जायला लागला. डिंभ्याच्या पाण्यात आंबेगाव तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव गेलं. माझ्या आईचं माहेर त्याच तालुक्यातलं, घोडेगावच्या वरच्या अंगाला. मामाकडं सुट्टीत जायचो तेव्हा पाणी उतरलेल्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं बोट दाखवून सांगायची, "तिथं आमचं घर हुतं."

बागायत आली तशी फवारणी आली. आधी हातानं दांडा हलवायचे पाठीवरचे पंप, मग इंजिनाचे. त्यातल्या पाठीवरच्या कित्येक पंपांना टू-स्ट्रोक इंजिन. रस्त्यावरून टू-स्ट्रोक हळूहळू नाहीशी झाली, पण शेतात मात्र ती तेव्हाच शिरली. कारण सोपं आहे. पाठीवर किंवा खांद्यावर घ्यायचं यंत्र हलकं हवं आणि कसंही आडवं-तिरकं धरलं तरी चाललं पाहिजे. पोटात तेलाची कढई नसलेलं इंजिन तिरकं केलं तरी तेल सांडायचा प्रश्न नाही.

मग मजूर मिळेनासे झाले आणि गवत कापायचं मशीन आलं. या मशीनची कल्पना अमेरिकेतली. १९७१ साली ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांना गाड्या धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून ती सुचली आणि त्यांनी एका डब्याला नायलॉनच्या दोऱ्या बांधून पहिला प्रयोग केला. आमच्याकडं ते यायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली. पण आलं ते घरोघर. भाताच्या बांधावरचं गवत, डाळिंबाच्या ओळीतलं तण, शाळेचं मैदान, सगळीकडं त्याचा आवाज. आमच्या भागात त्याला आणखी एक काम आहे. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात राहतो आणि वस्तीच्या कडेच्या गवतातून येतो. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे, ते काही उगीच नाही. वस्तीभोवतीचं रान मोकळं ठेवणं ही आमच्याकडं हौस नसते.

माझ्या धाकट्या भावानं २०१५ साली असं मशीन घेतलं, पतसंस्थेचं कर्ज काढून. घरची जमीन थोडी, त्यातली अर्धी भातखाचरं. पावसाळ्याचे चार महिने तो मशीन खांद्याला अडकवून गावोगाव जायचा आणि तासावर पैसे घ्यायचा. पहिल्या हंगामात हप्ते वेळेवर फिटले. तो मशीनच्या दुकानातून दिलेलंच ऑइल आणायचा, छोट्या बाटल्यांत, आणि मला फोनवर सांगायचा, "दादा, लई महाग पडतंय रं हे."

मी तेव्हा मुंबईत होतो. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची माणसं मुंबईत कुठं नाहीत? कुणी डबे पोचवतं, कुणी बाजारात माथाडी, कुणी वखारीत. मी माझगावला एका वखारीत कारकुनी करत होतो. आमच्या चाळीत एकजण बोटीवर कामाला होता. त्याच्या मालकाच्या छोट्या बोटींना मागं लावायची इंजिनं होती आणि त्यांचं ऑइल मोठ्या डब्यात यायचं. एकदा बोलता बोलता मी भावाचं गाऱ्हाणं सांगितलं. तो म्हणाला, "अहो, आमचं पण टू-स्ट्रोकच आहे. हे ऑइल तर एकदम भारी, इंपोर्टेड. मालकाला सांगून एक डबा स्वस्तात मिळवून देतो."

मी पैसे देऊन डबा घेतला आणि गणपतीला गावी जाताना एसटीत पायाजवळ धरून नेला. डब्यावर बोटीचं चित्र होतं. ते मी पाहिलं. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. बारावीपर्यंत शिकलेला, कारकुनी करणारा, घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा.

भावानं त्यातून ऑइल वापरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. धूर कमी वाटत होता, म्हणून तो खूशच होता. दसऱ्याच्या सुमारास मशीन चालू व्हायला दोरी जास्त ओढावी लागायला लागली. मग तापल्यावर ताकद कमी पडायची. एके दिवशी दुपारी, एका बागेत काम अर्धं झालेलं असताना, आवाज बदलला, कुईं केल्यासारखं झालं आणि इंजिन बसलं. दोरी ओढली तर हलेना.

मी दिवाळीला गेलो तेव्हा मशीन पडवीत पोतं टाकून झाकलेलं होतं. भाऊ मला काही बोलला नाही. वहिनी बोलली नाही. आई तेवढी म्हणाली, "दोन हप्ते तटलेत त्याचे." घराच्या मागं, ओढ्याकडच्या अंगाला, गवत माणसाच्या छातीला लागलं होतं आणि पोरांना संध्याकाळी परसात एकटं सोडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मशीन घेऊन नारायणगावला गेलो. तिथला मेकॅनिक वयस्कर, सगळे त्याला काका म्हणत. त्यानं सिलिंडर खोलला आणि पिस्टन माझ्या हातात दिला. पिस्टनच्या अंगठ्या, ज्यांना रिंग म्हणतात, त्या आपल्या खाचेत चिकटून बसल्या होत्या. खाच तपकिरी, लाखेसारख्या चिकट थरानं भरलेली. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे.

"ऑइल कुठलं घातलं होतं?"

भावानं पिशवीतून डबा काढला. काकांनी चष्मा वर केला, डबा उलटा-पालटा केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय वाचा बरं. टीसी-डब्ल्यू थ्री. डब्ल्यू म्हणजे वॉटर. ऑइल खराब नाही, लई चांगलं आहे. पण पाण्यातलं आहे. बोटीच्या इंजिनाला चारी बाजूंनी थंड पाणी खेळतं. तुमचं हे बिचारं खांद्यावर, भर उन्हात, वाऱ्यावर गार होणारं. कुणी सांगितलं हे घालायला?"

"मीच आणलं होतं, काका," मी म्हणालो.

भाऊ लगेच म्हणाला, "दादानं चांगल्यासाठीच आणलं हुतं." ते ऐकून मला जास्तच मेल्यासारखं झालं.

काकांनी त्या दिवशी जे समजावलं आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलं ते इथं लिहून ठेवतो. कारण हे मराठीत कुणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

बोटीच्या इंजिनाचा सिलिंडर पाण्यामुळं फार तापत नाही. त्याच्या तेलात राख करणारे धातूचे घटक ठेवत नाहीत, कारण थंड चालणाऱ्या इंजिनात ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर साठते. हवेवर गार होणारं इंजिन खूप जास्त तापतं. लुनाला निदान पळताना वारा लागायचा. गवत कापायचं मशीन एका जागी उभं राहून मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारतं आणि त्याला वारा घालायला चाकावरच्या पंख्याची पाती तेवढी असतात. त्या उष्णतेत पिस्टनची खाच स्वच्छ ठेवायला तेलात वेगळी धुण्याची ताकद लागते, आणि त्यासाठी थोडे धातूचे घटक हवेच असतात. ती ताकद बोटीच्या तेलात नव्हती. म्हणून थर साठला, रिंगा चिकटल्या, जळता वायू पिस्टनच्या कडेनं खाली उतरला, तेलाचा पापुद्रा जळून गेला आणि इंजिन बसलं.

ट्रॅक्टरचं किंवा मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल घालणं तर त्याहून वाईट. ते वर्षभर आत फिरण्यासाठी बनवलेलं असतं, जळून जाण्यासाठी नव्हे. पेट्रोलमध्ये ते नीट मिसळत नाही आणि जळलं की प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कीट धरतं.

मग डब्यावर पाहायचं काय? रंग नाही, चित्र नाही, किंमतही नाही. दोन खुणा पाहायच्या. एक, एपीआय टीसी. ही हवेवर गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठीची अमेरिकी प्रतवारी. दुसरी, जासो. ही जपानी प्रतवारी १९९४ पासूनची. तिच्यात वंगण किती, आतली स्वच्छता किती, धूर किती आणि सायलेन्सर किती तुंबतो हे सगळं तपासतात. एफबी ही खालची पायरी, एफसी म्हणजे कमी धूर आणि कमी तुंबणं, आणि नंतर आलेली एफडी म्हणजे एफसीसारखीच, पण जास्त तापलेल्या इंजिनात आतून अधिक स्वच्छ ठेवणारी. कुठं कुठं आयएसओ ईजीडी असं लिहिलेलं असतं, ते साधारण एफडीच्याच तोडीचं. खांद्यावरच्या मशीनला आणि झाडं कापायच्या करवतीला एफडी मिळालं तर उत्तम, नाहीतर एफसी. आपल्या देशात तर १ एप्रिल १९९९ पासून टू-टी तेलाला एपीआय टीसी आणि जासो एफसीचा दर्जा लावलेला आहे, शहरांतल्या धुराला आळा घालण्यासाठी. म्हणजे आमच्या खोऱ्यात हे मशीन यायच्या कितीतरी आधी उत्तर डब्यावर छापलेलं होतं. फक्त इंग्रजीत आणि बारीक.

दुसरी गोष्ट मापाची. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, चाळिसास एक म्हणजे २५ मिली, पंचविसास एक म्हणजे ४० मिली. कुठलं प्रमाण घ्यायचं ते मशीनच्या पुस्तिकेत असतं आणि तेच घ्यायचं. नानांचं अर्धं झाकण वर टाकणं लुनानं सहन केलं, पण ऑइल जास्त झालं की प्लग काळा पडतो, सायलेन्सर तुंबतो. शिवाय तेवढंच पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट गरम चालतं. कमी झालं तर काय होतं ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट साठवणीची. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ च्या जूनमध्ये देशभरचं मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं आणि पुढं वीसवर. ते आपल्या उसापासूनही बनतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा? पाणी जास्त झालं की ते इथेनॉल घेऊन तळाला बसतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, वापरताना हलवायचं आणि महिन्याच्या आत संपवायचं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवायची. आणि सिलिंडरच्या पंखांत अडकलेला गवताचा भुगा रोज ब्रशनं काढायचा. तो राहिला तर जगातलं कुठलंही ऑइल वाचवू शकत नाही.

पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर नवे टाकावे लागले. पैसे मी दिले, तटलेले दोन हप्तेही भरले. भाऊ नको म्हणत होता. पण हुकलेल्या हंगामाचं काम त्याला कोण भरून देणार होतं? त्याची दोन ठरलेली गिऱ्हाइकं त्या वर्षी दुसऱ्याकडं गेली, त्यातलं एक परत आलं नाही. मशीन दुरुस्त होऊन आलं त्या संध्याकाळी त्यानं आधी घरामागचं गवत कापलं, ओढ्यापर्यंत. पोरं पडवीत उभी राहून बघत होती.

आता त्याच्या पडवीत एक प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्यावर त्यानं मार्करनं दोन रेघा मारल्यात, पेट्रोल इथवर, ऑइल इथवर. ऑइलच्या डब्याला कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'गवत मशीन. एफडी. दुसरं घालू नये.' गावातली पोरं मशीन घेतात तेव्हा आधी त्याच्याकडं येतात आणि डबा पुढं करून विचारतात, "नाना, हे चालंल का?" आता त्यालाच नाना म्हणतात. तो डबा हातात घेतो, चित्राकडं बघत नाही, मागची बारीक अक्षरं वाचतो. इंग्रजी त्याला येत नव्हतं, तेवढी चार-पाच अक्षरं तो शिकला.

बोटीच्या ऑइलचा तो डबा अर्ध्याच्या वर उरला होता. फेकवेना. मी तो परत मुंबईला नेला आणि चाळीतल्या शेजाऱ्याला दिला. त्यानं विचारलं, "काय झालं, चांगलं नव्हतं का?"

"चांगलं होतं," मी म्हटलं. "आमचं नव्हतं."